निघताना वाजणारी घंटा

वाजण्यापेक्षा वाट पाहण्यातच जिचे अधिक आयुष्य गेले, अशी मी एक जुनी घंटा आहे, मित्रांनो. काशाची, पसरलेल्या तळहाताएवढ्या तोंडाची आणि कडेचा एक टवका उडालेली. अमेरिकेतल्या सुपिरिअर सरोवराच्या उत्तर काठावर एक लहानसे कॉलेज आहे. त्याच्या अनुदान कक्षाच्या खिडकीत मी टांगलेली असते. खिडकीतून आधी गाड्या उभ्या करण्याचे पटांगण दिसते, त्यापलीकडे बर्चची काही झाडे आणि त्या झाडांच्या फटींतून पाण्याची एक राखाडी रेघ. त्या रेघेकडे पाहत राहणे मला आवडते, कारण माझे तरुणपण त्या पाण्यावर गेले.

डलूथ बंदराजवळच्या एका ओतशाळेत माझा जन्म झाला. साच्यातून काढल्यावर ओताऱ्याने मला बोटाने टिचकी मारली आणि मान तिरपी करून ऐकले. आवाज सरून गेल्यावरही तो थोडा वेळ तसाच उभा होता. त्याने मला बाजूच्या फळीवर ठेवले, ही माझ्या आयुष्यातली पहिली पसंती. पुढे ऊर्हो कांगस नावाच्या एका मासेमाराने मला विकत घेतले आणि आपल्या बोटीच्या पुढच्या खांबाला बांधले. बोटीला त्याने बायकोचे नाव दिले होते, हेल्मी.

धुक्यात वाजत राहणे हे तर माझे कामच होते, पण माझे खरे काम निराळे होते. ऊर्होची एक रीत होती. धक्क्यावरून दोर सोडण्याआधी तो बोटीवरच्या प्रत्येकाला नावाने हाक मारून विचारी, "येतोस?" आणि त्याने तोंडाने "येतो" म्हटल्याशिवाय बोट हलत नसे. सगळ्यांचे म्हणून झाले की ज्याने शेवटी होकार दिला असेल तोच माझी दोरी ओढी आणि हेल्मी निघे. तळाशी जाळी सावरत बसलेल्या, रोज येणाऱ्या सख्ख्या भावालाही ऊर्हो सोडत नसे. भाऊ चिडून म्हणे, बोटीत बसलोय ते काय हवा खायला? ऊर्हो पुन्हा तेवढेच विचारी. परत येताना मात्र मी वाजत नसे. मासळीने बोट वाकली असली तरी नाही. जाळ्यात काय येईल हे पाण्याच्या मनावर, निघणे तेवढे आपल्या हातात, असे त्याचे म्हणणे होते, आणि जे आपल्या हातात तेवढ्याचीच वर्दी द्यावी.

सरोवरातली मासळी हळूहळू आटली. ऊर्हो थकला. हेल्मी काठावर पालथी पडून राहिली आणि एका हिवाळ्यात तिच्या फळ्या शेकोटीला गेल्या. मला मात्र त्याच्या मुलीने, आयलीने, खांबावरून सोडवून घरी नेले. तिच्या स्वयंपाकघरात मी काही वर्षे निमूट काढली. वेलदोड्याच्या गोड पावाचा वास माझ्या अंगाला लागला तो तिथलाच.

आयलीला कॉलेजात नोकरी मिळाली ती या अनुदान कक्षात. तुम्हाला हे काम ठाऊक नसेल. प्राध्यापकाच्या मनात एखादा प्रश्न येतो. त्याचे उत्तर शोधायला उपकरणे लागतात, प्रवास लागतो, मदतीला विद्यार्थी लागतात. हे सगळे कुणाकडे तरी मागावे लागते, कधी सरकारकडे, कधी एखाद्या दानशूर संस्थेकडे. त्या मागणीला प्रस्ताव म्हणतात. प्रश्न काय आहे, तो का महत्त्वाचा आहे, कोण कोण हातभार लावणार आहे, हे त्यात लिहायचे आणि ठरल्या तारखेच्या आत पाठवायचे. आयलीचे काम असे, की प्रत्येक प्रस्ताव सरळ वाटेने आणि वेळेत कॉलेजाबाहेर पडावा.

तिच्या सुरुवातीच्या दिवसांत एक गंमत झाली. वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापिका वेदरबी यांनी आपल्या प्रस्तावात लिहिले की कॉलेजाचे काचगृह सबंध हिवाळाभर त्यांच्या प्रयोगाला मिळेल. प्रस्ताव मंजूर झाला. बाई नेचे घेऊन काचगृहाच्या दाराशी गेल्या, तर आत गस नावाचा माळी पाणी घालत होता. त्याने शांतपणे विचारले, "हे कुणी ठरवलं?" बाई म्हणाल्या की कॉलेजाने. गस म्हणाला, "कॉलेज इथं कधी पाणी घालायला आलेलं मी पाहिलं नाही." तो हिवाळा गसची जिरेनियम ग्रंथालयाच्या जिन्यात कुडकुडली, बाईंचे नेचे अर्ध्या काचगृहात दाटीने वाढले आणि ती दोघे वसंतापर्यंत एकमेकांशी बोलली नाहीत.

आयलीला बापाची रीत आठवली. प्राध्यापकांच्या सभेत तिने एक नियम मांडला. प्रस्तावाचा मसुदा आठवडाभर आधी कक्षात यावा, विभागप्रमुखाची संमती असावी, हे तर इतर कॉलेजांतही असते. तिने जोडले ते इतकेच: प्रस्तावात ज्याचा वेळ, ज्याची जागा किंवा ज्याचे नाव घेतले आहे, त्याने प्रस्ताव बाहेर पडण्याआधी कक्षात येऊन स्वतःच्या तोंडाने होकार द्यावा. सभेत बरीच कुजबुज झाली. इतिहासाचे ओडेल सर, जे पुढे या नियमाचे सर्वांत मोठे भक्त झाले, तेव्हा मागच्या बाकावरून म्हणाले, "हो म्हणवून घ्यायला हे काय लग्न आहे?"

"लग्नात एकदाच विचारतात," आयली म्हणाली. "इथं दर प्रस्तावाला विचारणार."

नियम पुस्तिकेत छापला गेला, आणि दुसऱ्या दिवशी आयलीने मला पिशवीतून आणून खिडकीत टांगले.

मित्रांनो, ते माझे सोन्याचे दिवस होते. गोल टेबलाभोवती माणसे जमत. आयली एकेकाला विचारी, "येतोस?" किंवा "येताय?" आणि ती ती व्यक्ती हो म्हणे. कधी विभागप्रमुख, कधी यंत्रशाळेतला जुळारी, कधी शेजारच्या गावातली एखादी शिक्षिका. काही जण संकोचत, काही हसत, पण म्हणून झाल्यावर खुर्चीत जरा ताठ बसत. मला ते वरून दिसे. कागदावर आपले नाव असणे वेगळे आणि आपण त्या नावामागे उभे राहणे वेगळे, हे त्या ताठ होणाऱ्या पाठींनी मला शिकवले. मग प्रस्ताव पाकिटात जाई, शेवटचा होकार देणारा दोरी ओढी आणि माझा आवाज बोळातून जेवणघरापर्यंत पोचे. तिथल्या बाया हातातली पळी थांबवून म्हणत की निघाली एक बोट. पुष्कळ बोटी बुडाल्या. नकाराचे उत्तर येई, ओडेल सर चष्मा पुशीत टेबलाशी बसून राहत, आयली त्यांच्यापुढे पाव ठेवी. मी गप्प असे. एकदा गणिताच्या एका तरुण बाईंचा प्रस्ताव मंजूर झाला तेव्हा त्या धावत आल्या आणि दोरीला हात घातला. आयलीने पटकन आपला तळवा माझ्या तोंडावर ठेवला.

"ही परत आल्यावर वाजत नाही," ती म्हणाली. "बस, कॉफी घे."

तो ऊबदार तळवा मला अजून आठवतो.

काळ पालटला. पाकिटे गेली, प्रस्ताव संगणकातून जाऊ लागले. ओडेल सर निवृत्त झाले. ग्रॅहम वाइकॉफ नावाचे नवे डीन मोठ्या विद्यापीठातून आले. ते वाईट गृहस्थ नव्हते, हे मी आधीच सांगते. विद्यार्थ्यांची नावे त्यांना पाठ असत आणि बर्फ पडले की ते स्वतः फावडे घेऊन पायऱ्या मोकळ्या करीत. पण त्यांना घाई होती. इतर कॉलेजे आपल्या दुप्पट प्रस्ताव पाठवतात आणि आपण टेबलाभोवती बसून हो हो करतो, असे त्यांना वाटे. पडद्यावरच्या बैठका सुरू असताना मी वाजले की त्यांना त्रास होई. एके दिवशी त्यांनी नम्रपणे विचारले आणि आयलीने मला खिडकीतून उतरवून कपाटात ठेवले, कॉफी गाळायच्या कागदांच्या खोक्यामागे. तिने माझ्या लोलकाभोवती भांडी पुसायचे फडके गुंडाळले. कपाटाचे दार नीट लागत नसे, एवढेच माझे भाग्य. फटीतून मला टेबलाचा एक कोपरा दिसे आणि बोलणे ऐकू येई.

अंधारात पडून राहिले की आपण कशासाठी घडलो हेच विसरायला होते. माझा लोलक कुणी हलवला नाही तर मी घंटा आहे की उपडी वाटी, याची मलाच शंका येऊ लागली. नियमाचेही तसेच चालले होते. तो पुस्तिकेत होता, पण वाइकॉफ साहेबांनी तो बदलावा म्हणून टिपण लिहिले होते: टेबलाभोवती जमायची गरज नाही, प्रस्ताव लिहिणाऱ्यानेच पडद्यावरच्या एका चौकोनात खूण करावी की संबंधितांशी बोलणे झाले आहे. वसंतातल्या सभेत त्यावर निर्णय व्हायचा होता.

त्याच हिवाळ्यात एमेट लुंडीन कक्षात येऊ लागला. रसायनशास्त्राचा तरुण शिक्षक. दारावर इतके हळू टकटक करी की आयलीला पुष्कळदा ते ऐकूच जात नसे, आणि मग तो तसाच बाहेर उभा राही. त्याची नेमणूक कच्ची होती. पुढे ठेवायचे की नाही हे वसंतात ठरायचे होते आणि वाइकॉफ साहेबांनी त्याला स्पष्ट सांगितले होते की एखादा मोठा प्रस्ताव गेल्याशिवाय आपल्याला त्याची बाजू मांडणे अवघड जाईल. त्याचा प्रश्न एका तळ्याविषयी होता. इथून उत्तरेला ओजिब्वे या इथल्या मूळ रहिवाशांच्या भूमीवर ते तळे आहे. त्यात मनोमिन उगवते, पाण्यातून वर येणारे काळसर दाण्याचे धान्य, जे ते लोक पिढ्यान्‌पिढ्या होडीतून झोडून आणतात. काही वर्षांपासून तळ्याच्या एका बाजूला ते उगवेनासे झाले होते. पाण्यात काय बदलले, हे एमेटला शोधायचे होते. त्याविषयी बोलू लागला की त्याचा आवाज थोडा मोठा होई, आणि ते लक्षात आले की पुन्हा लहान होई.

नियमाप्रमाणे त्याने मसुदा वेळेत आणून दिला. आयली वाचत गेली आणि एका ओळीशी थांबली. तिथे लिहिले होते की हे काम ओजिब्वेंच्या तळ्यांची देखरेख करणाऱ्या डेलोरिस बेलांजर यांच्या भागीदारीत होईल.

"डेलोरिस हो म्हणाली?" आयलीने विचारले.

एमेटने सांगितले की पानगळीच्या दिवसांत तळ्याकाठी तो त्यांना भेटला होता, सगळे नीट समजावून सांगितले होते, आणि त्यांनी ऐकून घेतले होते.

"मग काय म्हणाली?"

"काही बोलल्या नाहीत. पाण्याकडं पाहत होत्या."

"आणि तू?"

"मी आभार मानून निघालो. आमच्या घरी कुणी काही बोललं नाही म्हणजे हो असंच धरतात, आयली. आजोबांनी लग्नाचं विचारलं तेव्हा आजी नुसती कपबश्या पुसत राहिली होती म्हणे."

आयली खूप वेळ हसली. मग डोळे पुसून म्हणाली, "आमच्याही घरी तसंच, पोरा. सगळं घर मुकं. म्हणून तर बाबा बोटीवर तोंडानं म्हणवून घ्यायचे. एकदा त्यांनी धाकट्या काकाचं गप्प राहणं हो समजून बोट काढली होती. काका घरी मोरीत दात घासत होता."

तिने डेलोरिसला फोन केला. पलीकडून उत्तर आले की गाडीचे टायर बदलायला गावात यायचेच आहे, तेव्हा डोकावेन. ती आली ती प्रस्तावाच्या शेवटच्या तारखेच्या आदल्या दुपारी. फटीतून मला तिचे बर्फाळलेले बूट आणि टेबलावर ठेवलेले जाड हातमोजे दिसले. एमेट समोर बसला होता. तो मसुद्याचा कोपरा दुमडत होता आणि पुन्हा उलगडत होता.

"मी भागीदार झाले म्हणे," डेलोरिस म्हणाली. "कुणी अभिनंदनसुद्धा केलं नाही."

एमेट चाचरत म्हणाला की त्याने विचारले होते.

"विचारलंस ना. मग मी विचार करायला लागले, आणि मान वर करून बघते तर मास्तर गाडीत बसून गेलेले."

"मला वाटलं, तुमची हरकत नाही."

"हरकत आहे की नाही, तेच तर ठरवत होते. अजून ठरवतेय."

मग तिने, आवाज न चढवता, एक जुनी हकीकत सांगितली. ती तरुण असताना असेच काही शहाणे लोक बाटल्या घेऊन आले होते. चांगले होते, हसतमुख होते. त्यांनी पाणी नेले आणि पुढे एका सुंदर नकाशात कोणत्या तळ्यात किती मनोमिन आहे हे नावानिशी छापले. पुढच्या उन्हाळ्यात अनोळखी लोक मोटारबोटी घेऊन तळे पाहायला आले. त्या दिवसांत मनोमिनची पाती नुकती पाण्यावर आडवी तरंगत असतात, मुळे अजून धरलेली नसतात. बोटींच्या लाटांनी ती उपटून काठाला लागली. तिच्या आईने ती ओंजळीत उचलून घरी आणली होती, काही उपयोग नाही हे ठाऊक असून.

"त्यांनी वाईट काही केलं नाही," डेलोरिस म्हणाली. "फक्त विचारायचं राहिलं. म्हणून मी सावकाश विचार करते."

"म्हणजे तुम्ही नाही म्हणताय?" एमेटने विचारले.

"नाही म्हणायचं असतं तर टायर घालून सरळ घरी गेले असते."

तेवढ्यात वाइकॉफ साहेब आत आले. त्यांनी डेलोरिसला अदबीने नमस्कार केला, सगळे ऐकून घेतले आणि एक मार्ग सुचवला. प्रस्ताव उद्या जाऊ द्यावा. उत्तर यायला सहा महिने लागतील, तोवर विचार पुरा होईल. नको वाटले तर नाव काढता येईल. असे सगळीकडे करतात, ते म्हणाले, आणि ते खरेच होते.

एमेटने मसुद्याची पाने टेबलावर आपटून सारखी केली. फटीतून मला फक्त त्याचे हात दिसत होते. हात स्थिर झाले होते.

"मी हा मागं घेतो," तो म्हणाला.

"एमेट, वसंतात तुझं ठरायचंय. ठाऊक आहे ना?"

"ठाऊक आहे."

"मग?"

"त्या अजून विचार करतायत," एमेट म्हणाला.

मित्रांनो, माझ्या आयुष्यात मी मोठी मोठी माणसे पाहिली. पण त्या क्षणी त्या लाजाळू मुलाइतके उंच कुणी मला दिसले नाही, आणि मला तर त्याचे हातच दिसत होते. डेलोरिसने हातमोजे चढवले. जाताना ती एवढेच म्हणाली की पानगळीत धान्य झोडायला माणसे कमी पडतात, पोती उचलता येत असतील तर ये. शेवटची तारीख आली आणि गेली. त्या दिवशी एमेट कक्षाच्या कोपऱ्यात बसून विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिका तपासत होता. आयलीने त्याच्यापुढे पाव ठेवला. त्याने तो खाल्ला नाही, पण फेकलाही नाही, रुमालात बांधून नेला.

वसंत जवळ आला तसा तो आणखी हळू टकटक करू लागला. एका सकाळी वाइकॉफ साहेब कॉफीचा पेला घेऊन आयलीसमोर बसले. त्यांना एमेटविषयीचा अहवाल लिहायचा होता. बराच वेळ त्यांनी पेल्यातली कॉफी नुसती फिरवली. मग म्हणाले की आजवर कोणी किती प्रस्ताव पाठवले याची नोंद आपण करत आलो. न पाठवलेल्या प्रस्तावासाठी रकाना नाही.

"मग रकाना सोडा," आयली म्हणाली. "वाक्य लिहा."

"काय लिहू?"

"तुम्ही त्या दिवशी इथं होतात, ग्रॅहम. जे पाहिलंत ते लिहा."

त्यांनी ते लिहिले. काय लिहिले ते आम्हाला कधी वाचायला मिळाले नाही, पण एमेटला एक वर्ष वाढवून मिळाले. एकच वर्ष, आणि तेही शेवटचे असे बजावून. सभेत नियम बदलण्याचा विषय निघाला तेव्हा साहेबांनी आपले टिपण मागे घेतले. कारण विचारले तर म्हणाले की टेबल चांगले आहे, वापरात राहू दे. आपले म्हणणे मांडून झाल्यावर ते गुपचूप मागे घ्यायला मोठे मन लागते, आणि तसे मन मी घाईच्या माणसांत क्वचितच पाहिले आहे.

पानगळीत एमेट तळ्यावर गेला. परतल्यावर त्याने आयलीला जे सांगितले त्यातून मला ते तळे दिसले. होडीत दोघे असतात. एक जण लांब काठीने होडी पुढे रेटतो, दुसरा दोन हलक्या दांड्यांनी कणसे वाकवून झोडतो. काही दाणे होडीत पडतात आणि काही पाण्यात, आणि पाण्यात पडलेले कुणी गोळा करीत नाही, ते पुढच्या वर्षाचे असतात. एमेटच्या वाट्याला होडी आलीच नाही. त्याने काठावर पोती उचलली, कढईखाली लाकडे सारली, भाजलेले दाणे बर्चच्या सालीच्या सुपात पाखडायचा प्रयत्न केला आणि निम्मे वाऱ्यावर घालवले. कुसे सदऱ्यात शिरून त्याचे अंग लाल झाले. डेलोरिसच्या आत्याने त्याला विचारले म्हणे, मास्तर, तुमच्यात खाजवायलाही परवानगी लागते का? त्याने तिथे पाण्याविषयी एकही प्रश्न विचारला नाही. निघताना डेलोरिसने त्याच्या हातात मनोमिनची एक पिशवी दिली आणि म्हणाली की तू अजून काही विचारलं नाहीस. तो म्हणाला, "तुमचा विचार चाललाय ना."

बर्फ पडू लागल्यावर डेलोरिस त्याच्या प्रयोगशाळेत आली. मग पुन्हा आली. आता विचारणारी ती होती. पाण्याच्या बाटल्या कुठे राहतील? आकडे आधी कोण पाहील? तळ्याचे नाव छापायलाच हवे का? आणि ज्या बाजूचे धान्य नाहीसे झाले तिथे तो एकदाही का गेला नव्हता? शेवटच्या प्रश्नावर एमेटने कान पकडले. जुना मसुदा बाजूला पडला आणि नवा लिहिला गेला. त्यात तळ्याचे नाव नव्हते. आकडे आधी तळ्याच्या लोकांकडे जाणार होते. प्रश्नही थोडा वळला होता, आणि आयली म्हणाली की पहिल्यापेक्षा तो अधिक खरा झाला आहे.

मग तो दिवस आला. टेबलाभोवती माणसे बसली. आयलीने नावे घेऊन विचारायला सुरुवात केली. रसायनशास्त्राच्या विभागप्रमुख येते म्हणाल्या. एमेटच्या शिकवण्याच्या तासांची सोय वाइकॉफ साहेब करणार होते. ते थोडे लाजून येतो म्हणाले. एमेट येतो म्हणाला, आणि या वेळी ते मला कपाटात सहज ऐकू आले.

"डेलोरिस, येतेस?"

ती काही बोलली नाही.

कुणी खाकरले नाही. छपरावरचा बर्फाचा थर घसरून खिडकीखाली धपकन पडला. कुणीतरी पेला उचलला आणि न पिता खाली ठेवला. वाइकॉफ साहेबांनी काहीतरी बोलण्यासाठी श्वास घेतल्याचे मला ऐकू आले, आणि तो श्वास त्यांनी तसाच सोडून दिला. एमेटचे हात टेबलावर उताणे पडले होते. त्याचे सगळे वर्ष त्या उताण्या हातांवर होते आणि तरी त्याने ते मिटले नाहीत. ती शांतता मला ओळखीची वाटली. धुक्यात ऊर्हो एखाद्या हाकेचे उत्तर यायची वाट पाही, तेव्हा पाणी असेच शांत असे.

"येते," डेलोरिस म्हणाली. मग म्हणाली, "आणि ती घंटा कुठं गेली? तुझ्या बापाच्या बोटीची. लहानपणी धुक्यातून ऐकलीय मी ती. आम्ही काठावरून म्हणायचो, निघाला ऊर्हो."

आयली उठली. कपाटाचे दार उघडले, खोके बाजूला झाले, लोलकाचे फडके सुटले आणि इतक्या वर्षांचा उजेड एकदम माझ्यावर आला. माझ्यावर कॉफीची धूळ बसली होती. वाइकॉफ साहेबांनी खिशातला रुमाल काढला आणि कुणाला काही न विचारता मला पुसले, टवका उडालेल्या कडेवरून तर फार हळुवार. त्यांनीच खुर्चीवर चढून मला जुन्या खिळ्याला टांगले.

शेवटचा होकार डेलोरिसचा होता, म्हणून दोरी तिच्या हातात दिली. एमेटने संगणकाची कळ दाबली आणि तिने दोरी ओढली. मला भीती होती की आवाज गेला असेल. गेला नव्हता. तो बोळातून जेवणघरापर्यंत गेला. तिथे आता नव्या बाया आहेत, त्यांना तो काय आहे हे ठाऊक नव्हते, तरी पळ्या थांबल्याचे मला जाणवले. आयलीने चेहरा खिडकीकडे वळवला होता. बर्चच्या फटींतून ती राखाडी रेघ दिसत होती.

त्या प्रस्तावाचे पुढे काय झाले, हे तुम्ही मला विचाराल. ते मी सांगणार नाही, मित्रांनो. मी परत आल्यावर वाजत नाही. एवढेच सांगते की एमेट अजूनही टकटक करतो आणि आता ती ऐकू येते.

आयली पुढच्या वर्षी निवृत्त होईल. तिच्या जागी जे कुणी येईल, त्याच्यापाशी माझे एक मागणे आहे. मला घासूनपुसून लखलखीत ठेवा, असे मी म्हणत नाही. कपाटात ठेवू नका, एवढेच. घंटा हाताळली नाही तर मुकी होते आणि नियम वापरला नाही तर नुसता छापील उरतो. टेबलाभोवती बसा. ज्याचे नाव लिहिले असेल त्याला नावाने हाक मारून विचारा. आणि विचारल्यावर कुणी गप्प राहिले, तर लगेच दोरीला हात घालू नका. थोडे थांबा. ते माणूस विचार करत असेल.